परतीच्या गाडीचे काय?

अपघात झाला वा प्रसूतिवेदना सुरू झाल्या, की १०८ क्रमांक फिरवावा, हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. कर्नाटकात ही सेवा २००८ पासून आहे. परंतु अंथरुणास खिळलेल्या वृद्धाला ठरल्या वारी तपासणीस न्यायचे, तर ती गाडी त्यासाठी नाही. नसावीही, कारण त्याच वेळी दुसरीकडे कुणाचे प्राण कंठाशी आलेले असतात.

मग निपाणीकरांनी काय करावे? कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. डायलिसिस बहुधा आठवड्यातून २-३ वेळा, दर खेपेस सुमारे ४ तास. जाताना शेजाऱ्याची गाडी मिळते. परतताना मात्र गळून गेलेला रुग्ण एस.टी.ची पायरी चढू शकत नाही. म्हणून भाडे ठरविताना आधी परतीचे बोलावे. एकाच पाळीतील दोघा-तिघांनी मिळून गाडी केली, तर खर्च विभागतो. पाळ्या जुळवून देण्याविषयी रुग्णालयात विचारावे. ज्याला बसवत नाही, त्याला स्ट्रेचरचीच गाडी हवी. जिना असल्यास तेही चालकास आधी सांगावे.

मुले पुण्यास आणि घरी दोघेच म्हातारे, अशी घरे आपल्या गल्लोगल्ली आहेत. शववाहिकेसाठी देणगी देणारे दाते आपल्याकडे आहेत. जित्या माणसाला दवाखान्यात नेऊन परत आणणारी गाडी एखाद्या गणेश मंडळाने का घेऊ नये?