५.३ शिल्पाची भाषा : वऱ्हाडातील मंदिरे

वऱ्हाडात काळ्या दगडाचे जुने मंदिर दिसले की आपण त्यास सहज 'हेमाडपंती' म्हणतो. या शब्दापासूनच आरंभ करू. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी येथील कालंका देवीच्या मंदिरात शके १०९८, म्हणजे इ. स. ११७६ चा शिलालेख आहे. ज्यांच्या नावावरून हा शब्द आला ते हेमाद्री पंडित मात्र तेराव्या शतकात, महादेव व रामदेवराव या यादव राजांच्या पदरी होते. म्हणजे मंदिर आधीचे, नाव नंतरचे. चुन्याविना शिळेवर शिळा रचण्याच्या रीतीला एका व्यक्तीचे नाव मिळाले आणि त्या नावाचा अर्थविस्तार झाला. या शब्दावरून बांधणी कळते. काळ कळत नाही.

मग मंदिरावरील मूर्तीचे नाव कसे ओळखावे? प्राचीन इजिप्तच्या मंदिरांत देवतेच्या आकृतीशेजारी तिचे नाव चित्रलिपीत कोरलेले आढळते. आपल्याकडे ते बहुधा हातांतील आयुधांवरून वाचावे लागते. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा व पद्म असतात. त्यांचा क्रम पालटून चोवीस रूपे सिद्ध होतात. मूर्तीच्या उजव्या खालच्या हातापासून प्रदक्षिणाक्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा असतील तर तो केशव. पद्म, गदा, चक्र, शंख असतील तर तो त्रिविक्रम. येथे केवळ शंख व गदा यांची अदलाबदल झाली आहे. 'नाद' आणि 'दान' हे शब्द आठवा. ध्वनी तेच, क्रम निराळा, म्हणून अर्थही निराळा.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. मूर्तीचा एक हात भंगला, किंवा श्रद्धेने लावलेल्या शेंदराच्या वा तैलरंगाच्या थराखाली आयुधे बुजली, तर केवळ सौंदर्य उणावत नाही. मूर्तीचे नावच पुसले जाते. पुढे गाव तिला आपल्या बोलीतले नवे नाव देते. तेही आदराने टिपून ठेवावे, कारण ते लोकभाषेचे साधन आहे. परंतु 'हेमाडपंती' या शब्दाप्रमाणेच ते नंतरचे नाव आहे, हे अभ्यासकाने विसरू नये.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. 'हेमाडपंती' या शब्दाचा अर्थविस्तार सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील एका जुन्या मूर्तीच्या हातांतील आयुधांचा क्रम नोंदवा व तिचे लोकप्रचलित नाव लिहा.