तांबडी रेघ

गोव्यातल्या मुळगावात खाणीच्या बाजूला गेलात तर वाटेवरचा एखादा काळसर करडा दगड उचलून बघा. दिसतो त्याहून तो हाताला जड लागतो. कौलाच्या खापरीवर घासला की खापरीवर रेघ उमटते ती तांबडी. हेमॅटाइट ओळखायची ही साधी खूण भूशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या वर्षी शिकतो. माणसाला मात्र ती फार आधीपासून ठाऊक आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत दगडाची एक कपची सापडली. तिच्यावर गेरूच्या तुकड्याने ओढलेल्या आडव्यातिडव्या रेघा आहेत आणि त्यांचं वय सुमारे ७३ हजार वर्षं मानलं जातं. भीमबेटकाच्या खडकांवरची कितीतरी जनावरं, कितीतरी शिकारी याच तांबड्या रंगातले आहेत. गेरू म्हणा, काव म्हणा, गोव्यातल्यासारखं हुरमुंज म्हणा, रंग येतो तो लोहातून.

डिचोली तालुक्यातल्या या गावाच्या पोटात तेच लोह आहे. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक लोहखनिज बोटींतून बाहेर गेलं. २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे खाणपट्ट्यांचे लिलाव झाले आणि २०२४ साली डिचोलीच्या पट्ट्यात काम पुन्हा सुरू झालं. आमची घरं, देवळं आणि शेतं पट्ट्यातून वगळा, ही मुळगावकरांची मागणी आहे. अशा गावाच्या वेशीवर उभं राहून चित्रकलेविषयी बोलणं कुणाला चैन वाटेल. मला तसं वाटत नाही. आधुनिकतावाद येऊन गेल्यावर चित्राला कला म्हणून काही अर्थ उरला आहे का, हा प्रश्न गेली शंभर वर्षं जगभर विचारला जातो आहे. त्याचं उत्तर शोधताना पॅरिस आणि न्यूयॉर्कइतकंच डिचोली आणि पेडण्याकडेही बघावं लागेल, असं माझं म्हणणं आहे.

मरणाची वार्ता

चित्रकलेच्या मरणाची वार्ता पहिल्यांदा १८३९ साली आली. पॅरिसमध्ये दागेरचं छायाचित्रण जाहीर झालं तेव्हा ‘आजपासून चित्रकला मेली’ असं पॉल दलारोश हा चित्रकार म्हणाला, असं सांगतात. चित्रकला मेली नाही. हुबेहूब चेहरा उतरवायचं तिचं एक काम तेवढं कॅमेऱ्याकडे गेलं. मग तिने प्रकाशाकडे पाहिलं, आकार मोडून पाहिले आणि शेवटी वस्तूच सोडून दिली. १९१५ साली मालेविचने पेत्रोग्रादच्या प्रदर्शनात काळा चौकोन टांगला. १९१७ साली मार्सेल द्युशाँने मुतारीचं भांडं ‘फाउंटन’ या नावाने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला पाठवलं. हाताने काही न घडवताही कलाकृती होऊ शकते, असा त्याचा दावा होता. १९२१ साली मॉस्कोत अलेक्सांद्र रोदचेन्कोने तीन कॅनव्हास मांडले. एक निव्वळ तांबडा, एक निव्वळ पिवळा, एक निव्वळ निळा. आता चित्रात करण्यासारखं काही उरलं नाही, असं त्याचं मत झालं आणि तो छायाचित्रण, पोस्टर, वस्तुरचना यांकडे वळला.

पुढे अमेरिकन समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्गने १९६० साली मांडलं की चित्राचं स्वत्व त्याच्या सपाटपणात आहे. प्रत्येक कलेने आपल्याजवळचं उसनं टाकून द्यावं आणि आपलं तेवढंच ठेवावं, हा त्याचा आग्रह होता. या वाटेने चालत राहिलं की शेवटी रिकामा कॅनव्हासच हाती येणार. १९६४ साली अँडी वॉरहॉलने साबणाच्या खोक्यांसारखी हुबेहूब खोकी प्रदर्शनात रचली. ती पाहून तत्त्वज्ञ आर्थर डांटो विचारात पडला आणि वीस वर्षांनी, १९८४ साली, त्याने ‘कलेचा अंत’ मांडला. हा अंत नीट समजून घ्यायला हवा. चित्रं काढणं थांबेल असं डांटो म्हणत नव्हता. कला एका दिशेने पुढे पुढे जाते आहे, ही गोष्ट संपली, एवढंच तो म्हणत होता.

आपल्याकडे या दोन गोष्टींची गल्लत झाली. शर्यत संपली, म्हणजे चालणंही संपलं, असं अनेकांनी धरलं. चालणारे सगळेच त्या शर्यतीत होते का, हे विचारायचं राहून गेलं.

भिंतीत मुरलेलं चित्र

पेडणे तालुक्यात मोरजीला मोरजाईचं देऊळ आहे. लोककथेत ती मुळगावच्या केळबाईची, शिरगावच्या लईराईची आणि मयेच्या महामायेची बहीण. या देवळात कावी चित्रं आहेत. पांढऱ्या भिंतीवर तांबडा रंग, बस, दुसरा रंगच नाही. सिंधुदुर्गापासून गोव्यातून थेट उत्तर कन्नडपर्यंत, किनारपट्टीच्या देवळांवर आणि जुन्या घरांवर ही कला पसरली होती. डिचोली, पेडणे हे भाग पोर्तुगिजांच्या ताब्यात आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यांना नव्या काबिजादी म्हणतात. बारदेश, सासष्टीत सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली, तशी पाडापाडी इथे झाली नाही. देवळं राहिली, म्हणून भिंती राहिल्या.

कावीचं काम कसं चालायचं ते जवळून बघण्यासारखं आहे. शिंपल्यांचा चुना भिजवून मुरवायचा. त्यात वाळू आणि गूळ घालून गिलावा करायचा. भिंतीवर चुन्याचा थर ओला असतानाच त्यावर हुरमुंज कालवलेला तांबडा पातळ थर द्यायचा आणि घोटून गुळगुळीत करायचा. मग दोरी, पट्टी, कंपास घेऊन आखणी. त्यानंतर लोखंडी टोकाने तांबडा थर खरवडायचा, म्हणजे आतला पांढरा चुना दिसू लागतो. जो भाग खरवडला तो उजेड, जो राहिला तो आकार. फुलं, वेली, मोर, हत्ती, चक्रं, देवदेवता असे उमटत जातात. नंतर पुढचे काही दिवस भिंत पाणी मारून ओली ठेवायची. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना दगडासारखा घट्ट होतो आणि रंग त्यात कायमचा अडकतो. समुद्राची खारी हवा आणि कोकणातला पाऊस सोसून ही चित्रं टिकली ती याच कारणाने. रंग भिंतीवर बसलेला नसतो, भिंतच झालेला असतो.

या कामाला घाई चालत नाही आणि दिरंगाईही चालत नाही. थर सुकला की टोक चालत नाही. चुकून खरवडलेला तांबडा कण परत लावता येत नाही. प्रत्येक ओरखड्याला हात आणि मन एका जागी असावं लागतं. ही एकाग्रता भिंतीत साठून राहते. दोन-तीन पिढ्यांनी पाहणाऱ्याला कारागिराचं नाव माहीत नसतं, पण त्याच्या हाताचा वेग ओरखड्यात वाचता येतो.

एकाच रंगापाशी पोचलेले दोघे

१९२४ साली दोन चित्रकार जन्मले. फ्रान्सिस न्यूटन सोझा बारदेशातल्या साळगावात आणि वासुदेव संतू गायतोंडे नागपुरात, मूळच्या गोव्याच्या कुटुंबात. सोझाला १९४५ साली जेजे स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलं गेलं. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या तो अग्रभागी होता. गायतोंडे जेजेमधून १९४८ साली बाहेर पडले आणि पुढे त्या ग्रुपशी जोडले गेले. दोघेही आधुनिकतावादाच्या ऐन भरात वाढले. दोघेही, आपापल्या वाटेने, रोदचेन्को जिथे थांबला त्या एकरंगी भिंतीपाशी पोचले.

सोझाने १९६६ साली लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत काळ्यावर काळी चित्रं मांडली. समोर उभं राहिलं तर नुसता अंधार. बाजूला सरकून उजेड तिरका पडू दिला की रंगाच्या फटकाऱ्यांतून चेहरे, देह वर येतात. जिथे रोदचेन्कोला शेवट दिसला, तिथे सोझाला एक नवं काम सापडलं. बघणाऱ्याने जागचं हलायला हवं, हे काम.

गायतोंडे रोलरने, पॅलेट नाइफने रंग चढवत, कागदाचे तुकडे दाबून रंग उठवत, कधी खरवडत. थरांवर थर. आपलं काम अमूर्त म्हणवून घेणं त्यांना मान्य नव्हतं. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, वस्तूरहित, असं ते म्हणत. वर्षाला मोजकीच चित्रं होत. २००१ साली ते गेले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्याआधी, २०१३ च्या डिसेंबरात, त्यांचं एक चित्र मुंबईतल्या लिलावात २३ कोटींहून अधिक किमतीला गेलं. किंमत हा चित्राच्या जिवंतपणाचा पुरावा नाही. पुरावा वेगळा आहे. गायतोंड्यांच्या चित्रासमोर दहा मिनिटं उभं राहिलं की पहिल्या मिनिटाला न दिसलेलं काहीतरी दिसू लागतं. छापील प्रतीत हे होत नाही, पडद्यावर तर नाहीच. त्यासाठी प्रत्यक्ष वस्तूसमोर माणूस लागतो.

आक्षेप

कुणी म्हणेल, कावी ही कारागिरी आहे आणि गायतोंडे ही कला, दोन्ही एका मापाने कशा मोजता? आक्षेप रास्त आहे. कावीच्या कारागिराला चित्राच्या स्वरूपाचा प्रश्न पडलेला नव्हता, त्याला देवळाची भिंत सजवायची होती. त्याला आधुनिक ठरवण्याचा मोह मी टाळतो, तो त्याच्यावर अन्याय होईल. दोघांच्या हेतूंत समुद्राएवढं अंतर आहे. पण दोघांच्या हातात जे घडतं ते एकाच जातीचं आहे. एक द्रव्य, एक पृष्ठभाग, परत न फिरवता येणारी कृती आणि तिच्यात मुरलेला वेळ. आधुनिकतावादाने चित्राची उसनी कामं एकेक करून काढून घेतली तेव्हा तळाशी हेच उरलं. शून्य उरलं असं ज्यांना वाटलं, त्यांनी तळाला हात लावला नाही.

म्हणून माझा निर्वाळा असा. नवेपणाच्या शर्यतीतला पहिला क्रमांक चित्राने गमावला आहे आणि तो परत मिळणार नाही. मांडणशिल्प, व्हिडिओ, छायाचित्र यांनी आपली जागा घेतली आहे आणि ती योग्यच आहे. पण एका माणसाने एका पृष्ठभागावर दिलेलं लक्ष दुसऱ्या माणसापर्यंत जसंच्या तसं पोचवण्याचं काम चित्राइतकं थेट आजही दुसरं कुणी करत नाही. आपलं लक्ष दर मिनिटाला विकलं जात असताना हे काम पूर्वीपेक्षा मोठं झालं आहे.

खरा धोका

मुळगाव-मोरजीच्या टापूत चित्राला डांटोच्या सिद्धान्ताचा धोका नाही. धोका सिमेंटचा आहे, ऑइलपेंटचा आहे, टाइल्सचा आहे. चुना मुरवायला आठवडे लागतात, सिमेंट एका दिवसात होतं. जीर्णोद्धार निघाला की जुनी भिंत उतरवणं सोपं पडतं. मागे कुणी हात शिकलेला उरला नाही तर रंग असूनही चित्र निघत नाही. फोंडा तालुक्यातल्या आडपईचे चित्रकार सागर नाईक मुळे यांच्यासारखे थोडे लोक कावी पुन्हा करू लागले आहेत, हा मोठा आधार आहे. पण एका-दोघांच्या हिमतीवर परंपरा टिकत नाही. १९७२ साली सुरू झालेल्या गोवा कला महाविद्यालयात तैलरंगाच्या बरोबरीने चुना आणि हुरमुंज शिकवलं गेलं पाहिजे. शाळकरी मुलांना चित्रकलेच्या तासाला रंगपेटी देण्याआधी गावातला तांबडा दगड हातात दिला पाहिजे.

आणि देवस्थानांच्या महाजनांना, समित्यांना एक विनंती. देवळाच्या जीर्णोद्धाराचा ठराव करण्याआधी जुन्या भिंतीचे नीट फोटो काढून ठेवा. चुन्याच्या थरांखाली काय आहे ते जाणकाराला बोलावून तपासून घ्या. भिंत एकदा उतरवली की तीच भिंत पुन्हा उभी करता येत नाही.