पेस्ट कंट्रोल : दर किती आणि त्यात मिळते काय?

पावसाच्या पहिल्या सरी कोसळल्या की संध्याकाळी दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळवीची झुंबड उडते आणि पाठोपाठ सोसायटीच्या पत्रपेट्यांमध्ये पेस्ट कंट्रोलची पत्रके येऊन पडतात. कुणी पाच-सहाशे रुपयांत संपूर्ण घर कीटकमुक्त करून देण्याचे आश्वासन देतो, तर त्याच इमारतीतील शेजाऱ्याने तेवढ्याच घरासाठी दोन हजार रुपये मोजलेले असतात. दोघांपैकी एकजण फसला, असा समज साहजिकच होतो. बहुतेक वेळा तसे नसते. दोघांनी दोन वेगळी कामे विकत घेतलेली असतात. नाव तेवढे एकच असते.

मुंबई-पुण्यातील सर्वसाधारण दर पाहिले, तर झुरळांसाठी वन बीएचके घराला सुमारे ८०० ते १२०० रुपये आणि टू बीएचकेला १००० ते १५०० रुपये आकारले जातात. ढेकणांचा खर्च याच्या दुप्पट-अडीचपट, म्हणजे टू बीएचकेसाठी दोन ते चार हजारांच्या घरात जातो. वाळवीचा हिशेब खोल्यांवर नसून चौरस फुटांवर असतो आणि तो साधारण सहा ते बारा रुपये चौरस फूट असा सांगितला जातो. परिसर, प्रादुर्भावाची तीव्रता आणि कंपनीचा लौकिक यांनुसार हे आकडे वर-खाली होतात. मात्र कोणताही आकडा ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा तो हा : या रकमेत माणूस किती वेळा येणार?

या प्रश्नाचे मूळ कीटकांच्या जीवनक्रमात आहे. स्वयंपाकघरात दिसणारे लहान, तपकिरी जर्मन झुरळ आपली अंडी एका कवचात ठेवते. त्यात ३० ते ४० अंडी असतात आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारापर्यंत मादी हे कवच शरीराशी बाळगून हिंडते. पहिल्या दिवशीच्या औषधाने मोठी झुरळे मरतात, पण कवचाच्या आतली पिढी शाबूत राहू शकते. ढेकणांचेही तेच. उष्ण हवेत त्यांची अंडी साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात आणि फवारणीचा अंड्यांवर फारसा परिणाम होत नाही. म्हणूनच ढेकणांसाठी दहा-पंधरा दिवसांनी दुसरी फेरी अटळ ठरते. एकाच फेरीचा स्वस्त दर मान्य करणारा ग्राहक पंधरवड्याने पुन्हा तेवढेच पैसे मोजतो आणि औषध भेसळीचे होते, असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

झुरळांसाठी आता फवारणीऐवजी जेल वापरण्याची पद्धत रूढ झाली आहे. इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिल असलेल्या जेलचे मोहरीएवढे ठिपके ट्रॉलीच्या कोपऱ्यांत, फ्रिजच्या मागे, सिंकखाली लावले जातात. झुरळ ते खाते आणि आपल्या लपण्याच्या जागी जाऊन मरते. फिप्रोनिलसारख्या औषधात त्याची विष्ठा वा मृत शरीर खाणारी इतर झुरळेही दगावतात. ना वास, ना भांडी बाहेर काढण्याची यातायात. वास आला नाही म्हणून काम झालेच नाही, अशी तक्रार अनेक गृहिणी करतात, पण वासाचा आणि परिणामाचा संबंध नाही. उलट दुसऱ्याच दिवशी उत्साहाने ट्रॉली पुसून काढली किंवा दुकानातला स्प्रे त्यावर मारला, तर ठिपके निकामी होतात किंवा झुरळे त्यांच्याकडे फिरकत नाहीत. भरलेल्या पैशांवर स्वतःच पाणी सोडण्याचा हा प्रकार घरोघरी घडतो.

वाळवीचा दर ऐकून मात्र भल्याभल्यांचे डोळे विस्फारतात. ६०० चौरस फुटांच्या घराला आठ रुपये दराने ४८०० रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटीचे ८६४ रुपये धरले की बिल ५६६४ रुपयांवर जाते. एवढे पैसे कशाचे, हे समजण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ६३१३ या मानकाचा तिसरा भाग उपयोगी पडतो. बांधून झालेल्या इमारतीत वाळवी कशी रोखावी, हे त्यात सांगितले आहे. जमिनीलगतच्या मजल्यावर भिंत आणि फरशी जेथे मिळतात तेथे दर ३०० मिलिमीटरवर १२ मिलिमीटर व्यासाचे छिद्र पाडायचे आणि त्यात जिरेल तेवढे, पण कमाल एक लिटर औषध सोडायचे, असे ते काम आहे. दहा बाय बाराच्या एका खोलीचा घेर ४४ फूट. म्हणजे दाराची जागा वगळली तरी फुटाफुटावर चाळीसएक छिद्रे, आणि जमीन औषध पीत गेली तर एका खोलीलाच चाळीस लिटरपर्यंत द्रावण लागू शकते. पाच लिटरचा पंप घेऊन आलेला माणूस अर्ध्या तासात अख्खे घर उरकून निघाला, तर ग्राहकाने नेमके काय विकत घेतले, याचा हिशेब तिथेच मांडता येतो.

वरच्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये जमिनीत औषध सोडण्याचा प्रश्नच नसतो. तेथे वाळवी डक्टमधून, भिंतीतून, चौकटीतून चढते. केवळ ग्रासलेली चौकट किंवा कपाट हाताळायचे असेल तर खर्च पुष्कळ कमी होतो. पण वाळवीचे घर खाली मातीत आहे आणि वर दिसते ती चारा शोधायला आलेली कामकरी फौज, हे विसरून चालत नाही. तळमजल्यावर आणि डक्टमध्ये काहीच केले नाही, तर चौथ्या मजल्यावरच्या कपाटावर दरवर्षी खर्च करावा लागतो. हे काम एका सदनिकाधारकाचे नव्हे, सोसायटीचे आहे. ड्रेनेजच्या चेंबरमधून येणाऱ्या मोठ्या झुरळांनाही हेच लागू पडते. वीस-पंचवीस घरांनी एकाच दिवशी काम करून घेतले तर प्रत्येकी दर उतरतो आणि कीटकांना शेजारच्या घरात पाहुणचारही मिळत नाही. सर्वसाधारण सभेत पार्किंगवर तासभर खडाजंगी करणाऱ्या सभासदांनी या विषयाला दहा मिनिटे द्यायला हरकत नाही. उंदरांच्या बाबतीत तर औषधापेक्षा पाइपाभोवतीची भोके बुजवणारा गवंडी आणि नहाणीवरची घट्ट जाळीच अधिक कामाची.

स्वस्ताईची खरी किंमत मात्र ढेकणांच्या प्रकरणात मोजावी लागते. प्रचलित फवारणी औषधांना ढेकूण बऱ्याच प्रमाणात दाद देईनासे झाले आहेत. अशा वेळी 'एकदाच करा, खात्रीचा उपाय' म्हणून कुणी धान्यात ठेवायच्या गोळ्या पुढे करतो. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांचा दमट हवेशी संपर्क येताच फॉस्फिन हा प्राणघातक वायू बाहेर पडतो. त्यावर उतारा नाही. फटींतून तो शेजारच्या घरातही शिरतो, आणि तेथील माणसांना तर काहीच कल्पना नसते. या गोळ्यांच्या विक्रीवर आणि वापरावर कायद्याने निर्बंध आहेत आणि राहत्या घरात त्यांना स्थान नाही. साध्या फवारणीतही बेफिकिरी महागात पडते. फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्यात पेस्ट कंट्रोल केल्यानंतर घरात परतलेल्या दाम्पत्याचा मृत्यू झाला होता. फवारणीनंतर घर किती तास बंद ठेवायचे आणि त्यानंतर सर्व दारे-खिडक्या उघडून किती वेळ हवा खेळू द्यायची, हे काम करणाऱ्याने सांगायला हवे. तान्हे मूल, गर्भवती, दम्याचा रुग्ण किंवा माशांची टाकी घरात असेल, तर ते ग्राहकाने आधीच सांगावे.

कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालील नियम १९७१ चे आहेत. त्यांनुसार व्यावसायिक कीडनियंत्रण करणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी शिक्षण व प्रशिक्षणाची अट आहे. परवाना दाखवा म्हटल्यावर जो आढेवेढे घेतो, त्याचा दर कितीही आकर्षक असला तरी त्याला दारातूनच निरोप द्यावा. औषधाची मूळ बाटली पाहण्याचा आग्रह धरण्यातही काही गैर नाही. तिच्यावरील त्रिकोणाचा रंग विषारीपणाची पातळी सांगतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. 'हर्बल' असे नुसते तोंडी सांगितले आणि बाटली मात्र पिशवीतच राहिली, तर त्या शब्दाला अर्थ नाही.

वार्षिक कराराचा मोह अनेकांना पडतो. तीन किंवा चार फेऱ्यांचे अडीच ते पाच हजार रुपये घेतले जातात आणि जुन्या इमारतीत, तळमजल्यावर किंवा हॉटेलच्या वर राहणाऱ्यांना तो परवडतो. नव्या इमारतीतल्या पाचव्या मजल्यावरील, फारसा उपद्रव नसलेल्या घराला त्याची गरज क्वचितच असते. करारातील 'गॅरंटी' या शब्दाचा अर्थही पाहून घ्यावा. वर्षभर एकही झुरळ दिसणार नाही, असा तो बहुधा नसतो. दिसले तर माणूस फुकट पुन्हा येईल, एवढाच असतो. आणि तक्रार किती दिवसांत करायची, याची अट खाली बारीक अक्षरांत असते.

भाड्याच्या घरात हा खर्च कुणाचा, यावरून होणारे वाद करारात एक ओळ घातली तर टळतात. दैनंदिन झुरळांचा खर्च भाडेकरूने आणि चौकटी पोखरणाऱ्या वाळवीचा मालकाने सोसावा, ही वाटणी व्यवहाराला धरून आहे.

राहिला प्रश्न बिलाचा. 'बिल नको असेल तर जीएसटी नाही' हे वाक्य ठरलेले. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सेवा व्यावसायिकाला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसेल तर त्याला हा कर ग्राहकाकडून घेताच येत नाही. बिल मात्र त्यानेही द्यावे. त्यावर औषधाचे नाव, फेऱ्यांची संख्या, पुढच्या फेरीची तारीख आणि गॅरंटीची मुदत लिहून घ्यावी. दुसऱ्या फेरीला माणूस फिरकलाच नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात याच कागदाच्या आधारे दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला तेथे शुल्क पडत नाही.