प्लास्टरखाली दडलेला खर्च

बांधकामाच्या साइटवर काय वाया गेलं ते दाखवा म्हटलं, की बोट डेब्रिजच्या ढिगाकडे जातं. फुटक्या विटा, टाइल्सचे तुकडे, दगड झालेली सिमेंटची गोणी. पण काही नुकसान त्या ढिगात कधीच दिसत नाही. गवंड्याने ओळंबा नीट लावला नाही आणि भिंत कलली, तर १२ मिलिमीटरचं प्लास्टर २५वर जातं. सिमेंट-वाळू दुप्पट लागते, आणि रंग लागल्यावर भिंत मात्र सरळ दिसते!

सळईचा हिशोब तर वहीच्या एका पानावर मावतो. सळई साधारण १२ मीटर लांबीची येते. साडेतीन मीटरचे तुकडे हवेत म्हणून फिटर एका सळईचे तीन तुकडे पाडतो. दीड मीटर उरते. १२ मिलिमीटर जाडीची सळई मीटरला सुमारे ८९० ग्रॅम भरते. म्हणजे शंभर सळयांमागे १३३ किलो लोखंड भंगाराच्या वाटेला. त्याच घरात पाच मीटरचेही तुकडे लागणार असतील, तर साडेतीन, साडेतीन आणि पाच मिळून बरोब्बर १२ होतात. पण त्यासाठी कटिंगआधी सगळ्या तुकड्यांची यादी तयार हवी. तिला बार बेंडिंग शेड्यूल, साइटच्या भाषेत बीबीएस, म्हणतात. छोट्या बंगल्याच्या कामावर ही यादी अनेकदा फिटरच्या डोक्यातच असते. त्याला दोष तरी कसा द्यायचा? ठेका मजुरीचा, लोखंड मालकाचं. तुकडा वाचवून त्याच्या पदरात काय पडणार?

तोडफोडीचंही तसंच. प्लास्टर झाल्यावर घरमालकाला एसीचा पॉइंट आठवतो, मग भिंतीला झिऱ्या पाडा, पाइप टाका, पुन्हा भरा. एकाच कामाची मजुरी दोनदा.

टोयोटाच्या ताइची ओनोंनी कारखान्यातली नासाडी सात प्रकारांत मोडली होती. त्यात नुसतं थांबून राहणं आणि मालाची विनाकारण ने-आणही होती. आपल्याकडे विटांचा ट्रक फाटकाशीच रिकामा होतो आणि त्याच विटा बिगारी दोनदा वाहतात. वाळू वेळेवर आली नाही, तर गवंडी बसून राहतो आणि त्याचा रोज चालूच.

डेब्रिजचा पुनर्वापर हवाच. २०१६च्या केंद्रीय नियमांनी डेब्रिजच्या विल्हेवाटीची जबाबदारी ते निर्माण करणाऱ्यावरही टाकली, आणि त्याच वर्षीच्या आयएस ३८३ मानकाने पुनर्वापरातल्या खडीला काँक्रीटमध्ये ठरावीक मर्यादेत वाट दिली. पण प्लास्टरमध्ये जिरलेलं जादा सिमेंट कुठलाही प्रकल्प परत देत नाही.

म्हणून घर बांधायला काढणार असाल, तर स्लॅब टाकण्याआधी वायरिंग आणि प्लंबिंगचे नकाशे पक्के करा, आणि लोखंडाची ऑर्डर देण्याआधी इंजिनिअरकडून बीबीएस मागून घ्या.