फुलावरचा कोळी : आधी पाहणे, मग नाव

सिंगापुरात सदनिकांच्या आवारांत आणि रस्त्यांच्या कडेला एक्झोराची लाल-केशरी कुंपणे जागोजाग आढळतात. त्या फुलांवरील कोळ्यांची छायाचित्रे काढून त्यांची ओळख पटविणे हा आमच्या काही कुटुंबांचा रविवार सकाळचा अभ्यास झाला आहे.

फुलांवर प्रामुख्याने तीन कुळांतील कोळी भेटतात. खेकडा-कोळी शिकारीसाठी जाळे विणत नाही. पुढचे लांब पाय पसरून तो निश्चल दबा धरतो. लिंक्स कोळ्याच्या पायांवर लांब काटे असतात आणि त्याच्या आठांपैकी सहा डोळे षटकोनात मांडलेले असतात. उड्या मारणाऱ्या कोळ्याचे समोरचे दोन डोळे ठळक मोठे असतात. डोळ्यांच्या मांडणीवरून कूळ ठरते. म्हणून केवळ पाठीचे चित्र पुरत नाही. समोरून, वरून, बाजूने आणि फुलासह अशी चार चित्रे घ्यावीत.

एक्झोरावर आढळणाऱ्या 'कॉस्मोफॅसिस अंब्रॅटिका' या चिमुकल्या कोळ्याने शास्त्रज्ञांनाही चकित केले. नराच्या अंगावरील खुणा अतिनील किरण परावर्तित करतात, तर त्याच किरणांत मादीचे मुखाजवळील स्पर्शपाद हिरवे चमकतात. २००७ साली 'सायन्स' नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. नराचे अतिनील संकेत आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत.

हे ज्ञान कोणाची मिरासदारी नाही. सिंगापूरच्या कोळ्यांवरील १९८९ची प्रसिद्ध मार्गदर्शिका लिहिणारे जोसेफ कोह पेशाने राजनैतिक अधिकारी होते. मात्र शिस्त हवी. अनेक जातींची खात्री सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रिये तपासल्यावाचून होत नाही. अशा वेळी प्रजातीपर्यंतच नोंद करून थांबणे हाच प्रामाणिकपणा.

नाव देणे ही साधी गोष्ट नव्हे. २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातील एका नव्या कोळ्याला 'आयसियस तुकारामी' असे नाव मिळाले, ते २६/११च्या हल्ल्यात हौतात्म्य पत्करणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. तो सन्मान होता. उलट, न पाहताच 'विषारी' किंवा 'किळसवाणा' म्हणून चप्पल उगारणे हा निव्वळ पूर्वग्रह. जन्मावरून माणसाला लेबल लावणाऱ्या व्यवस्थेची झळ आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. आपल्या घरात तरी मुलांना न पाहता निवाडा करण्याची सवय लागू नये.

पंचशीलातील पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे, आणि धम्माचे आवाहन 'एहि पस्सिको', म्हणजे या आणि स्वतः पाहा, असे आहे. कोळी पकडू नये, फूल तोडू नये. चित्र घ्यावे आणि त्याला त्याच्या फुलावर राहू द्यावे.