पहिला वाचक

वृत्तपत्राच्या अंकात संपादक, मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे कायद्याने छापावी लागतात. लेखावर लेखकाचे नाव असते. बातमीवर प्रसंगी वार्ताहराचेही असते. परंतु ती बातमी ज्याने सर्वांआधी वाचली, सुधारली, कापली आणि तिला मथळा दिला, त्या उपसंपादकाचे नाव वाचकाला आयुष्यभर कळत नाही. त्याच्या नोकरीची ही रीतच आहे.

नागपुरात ही नोकरी कधीच सोपी नव्हती. 'हितवाद' १९११ साली आणि गोपाळराव ओगले यांचे 'महाराष्ट्र' १९१४ साली सुरू झाले. १९५६ पर्यंत हे शहर मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होते. दूरमुद्रकाच्या काळात येथील मराठी उपसंपादकापुढे वृत्तसंस्थेचा मजकूर इंग्रजीत येई, पुढाऱ्यांची निवेदने पुष्कळदा हिंदीत असत, आणि तालुक्याच्या वार्ताहराच्या कागदावर 'पाणी येऊन राहिले आहे' असा खास वैदर्भी प्रयोग असे. कानाला गोड लागणारा हा प्रयोग बातमीत ठेवावा की बदलावा, याचा निर्णय क्षणात घ्यावा लागे. 'मिलियन'चे दहा लाख करताना एक शून्य चुकले, तर आकड्याचा अर्थच पालटे. 'आरोपी'च्या जागी 'गुन्हेगार' पडला, तर न्यायालयाआधी वृत्तपत्रानेच निकाल दिल्यासारखे होई.

हे सारे घड्याळाच्या धाकात चाले. दूरच्या जिल्ह्यांची डाक आवृत्ती आधी सुटे, शहर आवृत्ती उत्तररात्री. खिळे जुळविण्याच्या त्या दिवसांत गॅलीच्या ओल्या कागदावर मुद्रितशोधक लेखणी फिरवी. एक वेलांटी निसटली, की 'शिक्षक दिना'चा 'शिक्षक दीन' होई. वाचक हसत, जाब मात्र त्याला द्यावा लागे. टाळलेल्या चुकांचा हिशेब कोणीच ठेवीत नसे.

मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे १४ नियम केले. १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. नागपूरचा विदर्भ साहित्य संघ या महामंडळाच्या घटक संस्थांपैकी एक. अनुच्चारित अनुस्वार गाळणारे हे नियम घरोघरी पोचविले ते शाळेने आणि वृत्तपत्राने. शिक्षकाने फळ्यावर नियम लिहावा आणि विद्यार्थ्याने तो सकाळच्या अंकात पाळलेला पाहावा, असा हा न बोलता चाललेला सहकार होता.

ग. त्र्यं. माडखोलकर पुण्याच्या 'ज्ञानप्रकाश'मधून नागपूरच्या 'महाराष्ट्र'त आले. १९४४ ते १९६७ 'तरुण भारत'चे संपादक राहिले. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. संपादकवर्गातून इतक्या कीर्तीस पोचणे थोड्यांच्याच वाट्याला येते. बाकीच्यांची पूंजी म्हणजे निवृत्तीच्या दिवशीची शाल आणि रात्रपाळीने बिघडलेली झोप.

कायद्याने मात्र त्यांना मान दिला होता. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने संपादक, अग्रलेखक, उपसंपादक आणि मुद्रितशोधक यांना एकाच व्याख्येत बसविले. लागोपाठच्या चार आठवड्यांत १४४ तासांहून अधिक काम घेऊ नये, असा दंडकही घातला. २०२० साली संसदेने संमत केलेल्या श्रमसंहितेतील व्याख्येतही मुद्रितशोधक राहिला. अनेक कार्यालयांत मात्र त्याची खुर्ची राहिली नाही. संगणक आला, वार्ताहराचा मजकूर थेट पानात जाऊ लागला, आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम याच पदावर पडली.

संगणक शब्द तपासतो, हे खरे. पण 'दिन' आणि 'दीन' हे दोन्ही शब्द शुद्ध आहेत. कोणता कोठे हवा, हे त्या दिवसाचा आणि त्या माणसाचा अर्थ जाणणाऱ्यालाच कळते. चुकीच्या आकड्याने एखाद्या कारकुनाची महागाईभत्त्याची बेरीज बिघडते. चुकीच्या नावाने एखाद्याची अब्रू जाते. छापून आलेले खरे, असा विश्वास शाळेतून, कचेरीतून आणि घरातून अजूनही पुरता गेलेला नाही. तो ज्यांनी रात्री जागून कमावला, त्यांची जागा रिकामी ठेवून तो फार दिवस टिकणार नाही. वृत्तपत्र चालविणाऱ्यांनी हा हिशेबही ताळेबंदात धरावा.