जुनी मोटार व नवी मोटार

मुंबई-आग्रा महामार्ग शिंदखेडा तालुक्यातील नरडाणे गावावरून जातो. या मार्गाने धावणाऱ्या मोटारींचे रूप गेल्या साठ वर्षांत पार पालटले आहे. हा पालट केवळ रंगरूपाचा नाही, तर विचाराचाही आहे.

सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1944 साली 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या आराखड्यावरून मोटारी तयार होत. याच मोटारीला पुढे 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने अनेक वर्षे सेवा केली आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सीच्या कामातून निवृत्त झाली.

पद्मिनीची रचना साधी होती. कार्ब्युरेटर नावाच्या भागात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण होई. ते बिघडल्यास गावातला कुशल मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखी आणि पाना-पक्कड घेऊन तो दूर करी. नव्या मोटारीत पेट्रोलाचे माप संगणक ठरवतो. दोष शोधण्यासही बहुधा संगणकच लागतो. मात्र या नेमकेपणाचा लाभ मोठा आहे. पद्मिनीचे इंजिन 1,089 घन सेंटिमीटरचे असून त्याची शक्ती सुमारे 40 अश्वशक्ती होती. रांजणगावच्या कारखान्यातून 2017 साली बाहेर पडलेल्या 'टाटा नेक्सॉन'चे पेट्रोल इंजिन 1,199 घन सेंटिमीटरचे, म्हणजे थोडेसेच मोठे आहे. परंतु त्याची शक्ती शंभर अश्वशक्तीहून अधिक आहे.

तथापि, खरा भेद सुरक्षिततेत आहे. जुन्या मोटारीचा पत्रा जाड असल्याने ती अधिक सुरक्षित, असे अनेकांना वाटते. 2009 साली अमेरिकेतील एका विमा संस्थेने 1959 ची आणि 2009 ची अशा दोन शेवरोले मोटारी ताशी सुमारे 64 किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळवल्या. दोहोंत माणसांऐवजी पुतळे बसवले होते. जुन्या गाडीचा चालक जागीच मरण पावला असता; नव्या गाडीतील चालकाचे पायाच्या किरकोळ दुखापतीवर निभावले असते, असे आढळले.

याचे कारण काय? उंचावरून दगडी फरशीवर पडलेल्याचे हाड मोडते. कडब्याच्या गंजीवर पडलेला उठून चालू लागतो. गंजी दबते, पडणाऱ्याचा वेग हळूहळू कमी होतो आणि धक्का सौम्य होतो. नव्या मोटारीचा पुढचा भाग असाच चुरगळण्यासाठी घडवलेला असतो. माणसे बसतात तो मधला भाग मात्र भक्कम ठेवतात. जुन्या मोटारीत हा विचार नव्हता. म्हणून धक्का माणसांपर्यंत पोहोचे.

परंतु ही सारी योजना आसनपट्टा बांधलेल्यासाठीच पुरी पडते. पट्टा नसेल, तर गाडी थांबते आणि माणूस त्याच वेगाने पुढे फेकला जातो. रस्त्याने पायी जाणाऱ्याला तर कोणताच पट्टा नसतो. त्याचे रक्षण चालकाच्या संयमावरच अवलंबून असते. मोटार कितीही नवी झाली, तरी चालकाची सावधगिरी जुनी होत नाही.